दोन दश्श्या आणि एक राजा

गणपतीच्या जागरणाला गारगोटीच्या घरी पत्त्यांचा डाव बसतो. यंदा बारावीतल्या भाच्याने तीन पत्तीऐवजी पोकर मांडला. पैशांच्या जागी चिंचोके. त्याच्या हातात दोन दश्श्या आल्या आणि चेहरा खुलला. मग सर्वांसाठीची तीन पाने उघडली: राजा, सत्ती, चौकी. एकेकाने पाने टाकली. उरले भाचा आणि शेजारचे अप्पा. अप्पांनी पन्नास चिंचोके पुढे सरकवले. भाचा माझ्या कानाशी लागला, "मामा, माझी जोडी तर तीच आहे. मग आता भीती का वाटते?"

प्रश्न शास्त्रीय आहे. त्याचे उत्तर शोधताना दहावीच्या संभाव्यतेच्या धड्याला बराच अर्थ येतो.

खेळ थोडक्यात

प्रत्येकाला दोन झाकलेली पाने मिळतात. नंतर टेबलावर पाच सामाईक पाने उघडतात: आधी तीन एकदम (यांना फ्लॉप म्हणतात), मग एक, मग आणखी एक. सातांपैकी उत्तम पाच पाने ज्याची, त्याचा डाव. प्रत्येक टप्प्यावर बोली लागते. एक्क्यांची जोडी खेळायला सोपी असते, दुर्रीची टाकायला सोपी. खरी पंचाईत आठ्या, नव्व्या, दश्श्यांसारख्या मधल्या जोड्यांची.

मोठे पान येणारच

आपली दोन पाने वगळता ५० पाने उरतात. त्यांत दश्शीहून मोठी (गुलाम, राणी, राजा, एक्का) १६ आणि इतर ३४. तिन्ही पाने या ३४ मधलीच येण्याची संभाव्यता

(३४ × ३३ × ३२) ÷ (५० × ४९ × ४८) = ०.३१ (सुमारे)

म्हणजे शंभरांत सुमारे ६९ वेळा निदान एक मोठे पान पडणार. गुलामांच्या जोडीला हाच आकडा ५७, नव्व्यांच्या जोडीला ७९. उलट, तिसरी दश्शी या तीन पानांत येण्याची शक्यता साधारण आठांत एक. तेव्हा टेबलावर राजा पडला यात दुर्दैव काही नाही. नेहमीचीच गोष्ट घडली.

राजा कोणाकडे?

आता न दिसलेली पाने ४७, त्यांत राजे तीन. पाने कशीही वाटली गेली असे धरले तर एका प्रतिस्पर्ध्याकडे राजा असण्याची शक्यता १२.५ टक्के. तिघे समोर असते तर तिघांपैकी कोणाकडे तरी राजा असण्याची शक्यता ३४ टक्के, आठ जण असते तर ७२ टक्के. जोडी तीच, पण समोर माणसे किती यावर तिची किंमत बदलते.

अप्पांनी मात्र बोली लावली आहे, आणि बोली हीसुद्धा माहितीच. असे १००० डाव कल्पू. १२५ डावांत अप्पांकडे राजा असेल, ८७५ डावांत नसेल. राजा असताना ते दहांतून आठदा बोली लावतात असे मानू: १०० डाव. राजा नसताना दहांतून दोनदा हूल देतात: १७५ डाव. एकूण बोली २७५, पैकी राजा खरोखर असलेल्या १००, म्हणजे ३६ टक्के. अप्पा सरळमार्गी असून वीसांतून एकदाच हूल देत असतील तर बोली १४४ आणि राजा ७० टक्के! समोरचा माणूस ओळखणे हा गणिताचाच भाग आहे.

नव्या माहितीने जुना अंदाज असा सुधारण्याची रीत इंग्लंडमधील धर्मोपदेशक थॉमस बेज यांच्या निबंधात आहे. तो त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ साली प्रसिद्ध झाला. दुर्मीळ आजाराच्या चाचणीचा निकाल 'आहे' असा आला, तरी आजार असेलच असे का नाही, हेही याच हिशेबाने कळते.

मग निर्णय?

मध्ये १०० चिंचोके होते, अप्पांचे ५० पडले. आपण ५० घालून २०० साठी खेळतो. चारांत एकदा जिंकलो तरी बरोबरी. दुसरी मोठी पाने आणि पुढच्या बोल्या सोपेपणासाठी बाजूला ठेवल्या, तर हूल देणाऱ्या अप्पांसमोर ६४ टक्के डाव आपले, खेळावे. सरळमार्गी अप्पांसमोर ३० टक्केच. हिशेब जेमतेम जुळतो. पण स्पर्धेत चिंचोके संपले की उठावे लागते. तिथे मिळणाऱ्या चिंचोक्यापेक्षा जाणारा चिंचोका महाग, म्हणून पाने टाकणे शहाणपणाचे.

अप्पा हूल देण्यात पटाईत. भाचा खेळला. अप्पांकडे राजा निघाला. "चुकलो," भाचा म्हणाला. मी म्हटले, "निर्णय बरोबर होता, निकाल विरुद्ध गेला. शंभरांत छत्तीसदा असेच होणार."

हा फरक पोहोचवणे हे शिक्षकांचे खरे काम. कारण उलटेही घडते: चुकीचा निर्णय घेऊन एखादा जिंकतो आणि स्वतःला कुशल समजू लागतो. गोव्यातल्या कॅसिनोंत या खेळाच्या स्पर्धा भरतात. तिथे आयोजकाचा हिस्सा आधी निघतो, त्यामुळे सगळ्या खेळाडूंची मिळून बेरीज तोट्याचीच. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ साली बंदीचा कायदा केला. कौशल्य की नशीब, हा भेद त्यात ठेवलेला नाही.

वर्गात मात्र एक कॅट पुरे. दोन दश्श्या बाजूला काढा, उरलेली पाने पिसा, तीन उघडा, नोंद करा. असे पन्नास वेळा. सुमारे ३५ वेळा मोठे पान दिसायला हवे. नेमके ३५ येणार नाही; का येत नाही, यावर पुढचा तास घ्या.