मुद्दाम टेकणारे जहाज

जहाजाचा तळ जमिनीला लागणे हा एरवी अपघातच. पण १९८७ ते २०२३ या काळात भारतीय नौदलात असलेले ‘मगर’ हे जहाज किनाऱ्याला टेकण्यासाठीच बांधले होते. पुढचे दरवाजे उघडले, की रणगाडे थेट किनाऱ्यावर!

हे कसे साधते? पुण्यात समुद्र नाही, पण परात आहे. परातीत एका बाजूला ओल्या वाळूचा उतार करून पाणी भरू या. साबणाच्या डबीत मागच्या बाजूला नाणी ठेवली, की पुढचे टोक उचलले जाते आणि डबी उतारावर नीट टेकते. जहाजात नाण्यांचे काम टाक्यांत घेतलेले समुद्राचे पाणी करते. परतताना टाक्या रिकाम्या करतात. हलके झालेले जहाज, येतानाच मागे टाकून ठेवलेल्या नांगराचा दोर ओढून सोडवतात.

आता उताराच्या अलीकडे पाण्याखाली वाळूचा उंचवटा करू या. डबी त्यावरच अडते. पुढे मात्र पाणी खोल! डिसेंबर १९७१ मध्ये आताच्या बांगलादेशातील कॉक्स बाजारच्या किनाऱ्यावर आपल्या नौदलाचे असेच एक जहाज वाळूच्या दांड्यावर अडले. पुढच्या खोल पाण्यात उतरलेले काही जवान बुडाले.

उतार मोजणे आपण वर्गात गणित म्हणून शिकवतो. तिथे त्यावर माणसांचे प्राण अवलंबून होते.