साथीच्या काळासाठी नर्सना एआय कसं तयार करू शकतं? आणि कुठे ते चालणार नाही?

25 सप्टेंबर 2014 च्या रात्री अमेरिकेतल्या डॅलस शहरातल्या एका रुग्णालयात ताप आणि पोटदुखीची तक्रार घेऊन एक माणूस आला. काही दिवसांपूर्वीच तो लायबेरियाहून आला होता, आणि तिथे तेव्हा इबोलाची साथ जोरात होती. तो आफ्रिकेतून आल्याची नोंद नर्सने केली होती. पण ती माहिती उपचार ठरवणाऱ्यांपर्यंत नीट पोचली नाही आणि त्याला अँटिबायोटिक्स देऊन घरी पाठवण्यात आलं. 28 तारखेला तो अ‍ॅम्ब्युलन्समधून परत आला, 30 ला इबोलाचं निदान झालं, 8 ऑक्टोबरला त्याचा मृत्यू झाला. त्याची शुश्रूषा करणाऱ्या दोन नर्सनाही लागण झाली. दोघीही पुढे बऱ्या झाल्या.

प्रश्न विचारला गेला होता, उत्तरही मिळालं होतं. अडलं ते पुढे सांगण्यात. साथीच्या काळात नर्सच्या कामाचा मोठा भाग असा बोलण्याचा असतो, आणि नेमका त्याचाच सराव सगळ्यात कमी होतो.

मॉक ड्रिल तर होतात की?

होतात. 10 आणि 11 एप्रिल 2023 ला भारतभरातल्या रुग्णालयांत कोविडची मॉक ड्रिल झाली होती. पण अशा ड्रिलमध्ये भर असतो तो खाटा, ऑक्सिजन, औषधं आणि माणसं पुरेशी आहेत का हे पाहण्यावर. घाबरलेल्या पेशंटकडून दोन मिनिटांत कामाची माहिती कशी काढायची, हे शिकवायला समोर पेशंटचं सोंग घेणारं कुणीतरी लागतं आणि चुका दाखवणारी अनुभवी सिस्टर लागते. त्यासाठी माणसं आणायची कुठून? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार जगात 2 कोटी 98 लाख नर्स आहेत आणि आणखी 58 लाख कमी पडतात. वॉर्ड सांभाळायलाच माणूस नाही, तिथे नाटकातला पेशंट कोण होणार?

मग एआय काय करतं?

तो पेशंट होतं. चॅटजीपीटीसारख्या साधनांच्या मागे जे भाषा मॉडेल असतं, त्याला एखादी भूमिका देऊन त्या भूमिकेतून बोलायला लावता येतं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2024 मध्ये अशा मॉडेलबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. वैद्यकीय आणि नर्सिंग शिक्षणात पेशंटशी संवादाचा सराव हा त्यांचा एक उपयोग म्हणून त्यात नोंदवलेला आहे.

उदाहरण पुण्याचं घेऊ. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलेन बॅरी सिंड्रोम म्हणजे जीबीएसचे रुग्ण अचानक वाढले. आकडा पुढे 200 च्या वर गेला आणि संशय दूषित पाण्यावर होता. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. अशक्तपणा बहुतेकदा पायांपासून सुरू होऊन वर चढतो. श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचला तर व्हेंटिलेटर लागतो.

आता सरावातला पेशंट, साठीच्या एक आजी, मोबाईलवर म्हणतात, ‘सिस्टर, पायाला मुंग्या येतायत हो. बाकी काही नाही.’ नर्सने पुढे काय विचारायचं? गेल्या काही दिवसांत जुलाब झाले होते का, पाणी विहिरीचं की टँकरचं, जिना चढता येतो का, गिळताना त्रास होतो का, दम लागतो का. आजी आपणहून यातलं काही सांगणार नाहीत. संवाद संपला की साधन दाखवतं की पाण्याचं विचारायचं राहिलं, किंवा दम लागतोय हे कळूनही डॉक्टरांना लगेच कळवलं नाही. मग हाच प्रसंग दुसऱ्या पेशंटसोबत, रात्रपाळीत वेळ मिळेल तेव्हा. चुकलं तर चारचौघांत बोलणी खावी लागत नाहीत, हाही फायदा लहान नाही.

एक अडचण मात्र लगेच जाणवते. मॉडेल फार शहाण्यासारखं बोलतं. ‘माझ्या खालच्या अवयवांत संवेदना कमी झाल्या आहेत’ असं बोलणारी आजी महाराष्ट्रात शोधून सापडायची नाही. खरे पेशंट ‘कसंतरी होतंय’, ‘अंगात कणकण आहे’ असं सांगतात, अर्धी गोष्ट लपवतात, मधेच मुलाकडे बघतात. म्हणून प्रसंग लिहायला त्या भागात काम केलेल्या नर्सच हव्यात.

भाषांतरावर भरवसा किती ठेवायचा?

साथीत सूचना बहुतेकदा आधी इंग्रजीत येतात. त्या मराठीत पटकन आणायला एआय सोयीचं वाटतं. अमेरिकेतल्या एका अभ्यासात रुग्णालयातून घरी जाणाऱ्यांना द्यायच्या सूचना गूगल ट्रान्सलेटने सात भाषांत करून पाहिल्या. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेले निकाल असे: स्पॅनिशमध्ये 94 टक्के सूचनांचा अर्थ टिकला, आर्मेनियनमध्ये फक्त 55 टक्के. ‘दुखलं तर आयब्युप्रोफेन घ्या’ याचं आर्मेनियनमध्ये ‘रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र घ्या’ झालं होतं! यावर हसू येतं आणि चूक पकडलीही जाते. भीती वेगळ्याच चुकीची आहे: ‘दर 6 तासांनी’च्या जागी ‘6 वेळा’ आलं, तर वाक्य अगदी बरोबर दिसतं. साधनं तेव्हापासून सुधारली आहेत, पण ज्या भाषेचा मजकूर इंटरनेटवर कमी, तिथे धोका जास्त हे गणित बदललेलं नाही.

दुसरी गोष्ट तारखेची. 8 मे 2020 ला केंद्राने कोविडच्या सौम्य रुग्णांना घरी सोडण्याचे नियम बदलले आणि डिस्चार्जआधीच्या चाचणीची अट काढली. आदल्या आठवड्यातलं बरोबर उत्तर एका दिवसात चूक झालं. मॉडेल आपल्या आठवणीतून बोललं तर असं जुनं उत्तर तेवढ्याच ठामपणे देईल. म्हणून चांगल्या साधनात मॉडेलला पुस्तक उघडून परीक्षा द्यायला लावतात: आधी ताजं परिपत्रक शोध, त्यातूनच उत्तर दे, परिच्छेद आणि तारीख दाखव, नसेल तर नाही म्हण. परिपत्रक बदललं की जुनं काढून टाकणारा जबाबदार माणूस नेमलेला नसेल, तर ही व्यवस्थाही कामाची नाही. आणि सराव असो वा शंका, खऱ्या पेशंटचं नाव किंवा केसपेपरचा फोटो अशा साधनात टाकायचा नाही.

जिथे बोलून भागत नाही

पीपीई किट घालण्यापेक्षा काढणं जास्त धोक्याचं असतं, कारण तोवर बाहेरची बाजू दूषित झालेली असते. काढायचा क्रम चॅटबॉट बिनचूक सांगेल. पण बारा तासांच्या ड्युटीनंतर घामाने भिजलेला हात नकळत चेहऱ्याकडे जातो, तो त्याला दिसत नाही. डॅलसच्या प्रकरणानंतर 20 ऑक्टोबर 2014 ला अमेरिकेच्या सीडीसीने इबोलासाठीच्या सूचना कडक केल्या. किट घालताना आणि काढताना प्रत्येक पायरीवर नजर ठेवायला एक प्रशिक्षित माणूस शेजारी उभा असलाच पाहिजे, असं त्यात घालण्यात आलं.