तोडलेल्या फळाचा श्वास

झाडावरून उतरविलेला आंबा निर्जीव होत नाहीं; त्याचा श्वासोच्छ्वास चालूच असतो. प्राणवायु घेऊन तो अंगची साखर खर्ची घालतो. आढींत हात घातला म्हणजे लागणारी ऊब, ती हीच! शिवाय पिकूं लागलेलें फळ इथिलीन नांवाचा वायु सोडतें व त्यायोगें शेजारचीं फळेंहि पिकूं लागतात. घरांतील नासाडीचें मूळ पुष्कळदां अशा शेजारांत असतें. पिकल्या केळ्यांजवळ काकडी वा कोथिंबीर ठेविल्यास ती लवकर पिवळी पडते. म्हणून केळीं निराळीं टांगावीं. रेफ्रिजरेटर घरीं आला कीं चिंता मिटली, असें पुष्कळांस वाटतें. परंतु थंडीनें केळ्याची साल काळवंडते. कोथिंबिरीस पाण्याची उणीव मारते. ती निवडून ओलसर फडक्यांत गुंडाळावी व गार जागीं ठेवावी. (गृहिणी हें जाणतातच, माझें सांगणें बाजारहाट करणाऱ्या पुरुषांस आहे.) कांद्यास मात्र ओल वैरीण, त्यास खेळता वारा हवा. बटाट्यास काळोख हवा. उजेडांत तो हिरवा पडतो व त्यांत सोलानीन हें विष वाढतें. शिजविल्यानें तें नाहींसें होत नाहीं. फार हिरवा झालेला बटाटा टाकूनच द्यावा.