प्रमस्तिष्क अंगघात

प्रमस्तिष्क अंगघात (सेरेब्रल पाल्सी) : गर्भावस्थेत, जन्मसमयी किंवा बाल्यावस्थेच्या आरंभी विकसनशील मेंदूस झालेल्या इजेमुळे अथवा त्याच्या सदोष घडणीमुळे हालचाली व अंगस्थिती यांत जे कायमचे विकार उद्‌भवतात, त्यांच्या समूहास ही संज्ञा देतात. मेंदूतील मूळ दोष वाढत जात नाही. बाह्य लक्षणे मात्र वाढीबरोबर बदलतात. स्नायूंचा ताठरपणा, अनैच्छिक हालचाली व तोल न सांभाळता येणे हे त्याचे मुख्य प्रकार होत. अनेक मुलांची बुद्धी शाबूत असते.

लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम जॉन लिटल यांनी १८६१ मध्ये या विकाराचा संबंध कष्टप्रसूती, अकाली जन्म व जन्मवेळचा श्वासावरोध यांच्याशी जोडला. उलट, अवघड प्रसूती हाच कधीकधी गर्भाच्या आधीच बिघडलेल्या वाढीचा परिणाम असावा, असे मत सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९७ मध्ये मांडले. जिवंत बालकाच्या मेंदूतील ऊतके स्पष्ट दाखविणारे साधन नसल्यामुळे हा वाद दीर्घकाळ अनिर्णित राहिला.

संगणकीय छेदचित्रण (सीटी) १९७१ मध्ये रुग्णावर प्रथम वापरण्यात आले. अकाली जन्मलेल्या अर्भकाच्या टाळूवाटे श्राव्यातीत ध्वनितरंग सोडून मेंदूतील रक्तस्राव पाहता येतो. चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनात (एमआरआय) क्ष-किरणांचा वापर नसतो व ऊतकांतील भेद अधिक स्पष्ट दिसतात. म्हणून कारणांच्या शोधात त्यास प्राधान्य देतात.

इजा मेंदूच्या कोणत्या भागात झाली यावरून ती केव्हा झाली याचा अंदाज बांधता येतो. मेंदूच्या घडणीतील विकृती बहुधा गर्भारपणाच्या पूर्वार्धातील असतात. सु. २४ ते ३४ आठवड्यांच्या काळात मस्तिष्क विवरांभोवतीचे श्वेत द्रव्य सर्वांत नाजूक असते. त्याला इजा झाल्यास प्रामुख्याने पाय ताठरतात. पूर्ण दिवसांच्या अर्भकात तीव्र श्वासावरोधाचा आघात थॅलॅमस व मेंदूत खोलवर असलेल्या करड्या द्रव्याच्या पुंजांवर होतो. तीव्र काविळीत पित्तारुण (बिलिरुबीन) अशाच काही पुंजांत साचते व अनैच्छिक हालचाली उद्‌भवतात. एका बाजूच्या रक्तवाहिनीत अडथळा आल्यास विरुद्ध बाजूचे हातपाय दुर्बल होतात.

यूरोपातील एका बहुकेंद्री अभ्यासात (२००६) तपासलेल्या ३५१ मुलांपैकी ४२.५ टक्के मुलांत श्वेत द्रव्याची इजा, १२.८ टक्क्यांत खोल पुंजांतील दोष व ९.१ टक्क्यांत घडणीतील विकृती आढळली, ११.७ टक्के मुलांच्या प्रतिमा प्राकृत होत्या. सारांश, प्रतिमा प्राकृत असली तरी विकार नाही असे ठरत नाही. शिवाय प्रतिमा इजेचे स्थान व बहुधा तिचा काळ सांगते. ती का झाली हे नेहमीच सांगत नाही. त्यासाठी गर्भारपणाचा, प्रसूतीचा व नवजात काळाचा वृत्तांत तिच्याशी ताडून पाहावा लागतो.

या ज्ञानाला सामाजिक महत्त्वही आहे. गर्भारपणी ग्रहण पाळले नाही म्हणून मातेला, किंवा प्रसूती करणाऱ्या सुईणीला सरसकट दोष देण्याची प्रवृत्ती त्यामुळे निराधार ठरते. तथापि सर्व कारणे अटळ आहेत असा याचा अर्थ नव्हे. प्रशिक्षित हातांनी केलेली प्रसूती, न रडणाऱ्या अर्भकाला तत्काळ श्वासोपचार, काविळीवर वेळीच प्रकाशोपचार व जंतुसंसर्गावरील उपचार यांनी अनेक इजा टाळता येतात.

परभणीसारख्या प्रामुख्याने कृषिप्रधान जिल्ह्यात, जिंतूर किंवा पालम तालुक्यातील खेड्यातून मोठ्या रुग्णालयापर्यंतचा प्रवास खर्चाचा असतो. लहान मुलाला चित्रणासाठी निश्चल ठेवण्यास गुंगीचे औषधही द्यावे लागते. निदान मुख्यतः वृत्तांत व शारीरिक तपासणी यांवर आधारलेले असल्याने प्रतिमेच्या प्रतीक्षेत उपचार थांबविणे योग्य नव्हे. मान न धरणे, मुठी सतत आवळलेल्या असणे, वर्षाच्या आतच एकाच हाताचा वापर करणे ही लक्षणे दिसताच व्यायामोपचार सुरू करावेत. वाढत्या मेंदूची जुळवून घेण्याची क्षमता आरंभीच्या काळात सर्वाधिक असते. अंगणवाड्या व शाळांतील मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर (तेव्हाचा ठाणे जिल्हा) येथे सुरू झाला. त्यात जिल्हा पातळीवर शीघ्र उपचार केंद्रांची तरतूद आहे. अशा मुलांच्या शिक्षणासाठी मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन केली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात या विकाराचा समावेश आहे.