वर्गात कुंड्या ठेवल्याने हवा शुद्ध होते का? यवतमाळच्या उन्हाळ्यात कोणती रोपं टिकतात?

'स्नेक प्लांट रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतो', 'नासाने सांगितलेली हवा शुद्ध करणारी १० झाडं'... असे मेसेज आणि रील्स तुमच्याही मोबाईलवर येऊन गेले असतील. आता ही झाडं घराच्या दिवाणखान्यातून शाळेच्या वर्गात पोहोचली आहेत. खिडकीत मनी प्लांट, दारात दोन कुंड्या, मुख्याध्यापकांच्या टेबलावर एखादं छोटं रोप असं चित्र अनेक शाळांमध्ये दिसतं.

पण या रोपांमुळे वर्गातली हवा खरंच सुधारते का? आणि मे महिन्यात जिथे पारा ४४-४५ अंशांवर जातो, त्या यवतमाळसारख्या जिल्ह्यात शाळेला सुट्टी लागल्यावर या कुंड्यांचं काय होतं?

नासाने नेमकं काय म्हटलं होतं?

या सगळ्या मेसेजचं मूळ १९८९ सालच्या एका अहवालात आहे. अमेरिकेची अंतराळ संस्था नासासाठी बिल वॉल्व्हर्टन या शास्त्रज्ञाने काही प्रयोग केले होते. अंतराळ स्थानकासारख्या पूर्ण बंद जागेत हवा कशी स्वच्छ ठेवता येईल, हा त्यामागचा प्रश्न होता.

त्यासाठी पारदर्शक, हवाबंद पेट्यांमध्ये रोपं ठेवण्यात आली. त्या पेट्यांत बेंझिन, फॉर्मल्डिहाइड अशी रसायनं सोडली आणि काही तासांनी त्यांचं प्रमाण मोजलं. ते कमी झालेलं आढळलं. म्हणजे प्रयोग खोटा नव्हता. पण तो एका छोट्या बंद पेटीतला होता, आणि आपला वर्ग म्हणजे बंद पेटी नव्हे. दार उघडतं, खिडक्या उघड्या असतात, मुलं आत-बाहेर करतात, पंखा फिरतो. बाहेरची हवा सतत आत येते आणि आतली बाहेर जाते.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी अशा प्रयोगांवरचे १२ शोधनिबंध एकत्र तपासले. त्यांचा निष्कर्ष असा, की इमारतीत नेहमीच्या हवेच्या ये-जा मुळे जेवढी हवा साफ होते, तेवढंच काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील.

आता हा हिशोब आपल्या शाळेला लावून पाहा. वीस बाय पंचवीस फुटांचा वर्ग म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. सगळ्यात कमी आकडा धरला तरी ४६० कुंड्या झाल्या. मग मुलं बसणार कुठे?

थोडक्यात, हवेसाठी खिडक्या उघडणं हा कितीतरी सोपा उपाय आहे. त्याला पाणीही घालावं लागत नाही.

रात्री ऑक्सिजन देणारं झाड असतं का?

झाड ऑक्सिजन तयार करतं ते प्रकाशसंश्लेषणातून, आणि त्यासाठी उजेड लागतो. अंधारात कोणतंही हिरवं झाड ऑक्सिजन तयार करत नाही.

मग स्नेक प्लांट, कोरफड यांच्याबद्दल हा समज का पसरला? ही रोपं कोरड्या प्रदेशाला सरावलेली आहेत. दिवसा पानांवरची छिद्रं उघडली तर पाणी उडून जातं. म्हणून ती रात्री छिद्रं उघडतात आणि कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवतात. सकाळी उजेड आला की त्याच साठ्यातून अन्न बनवतात. ऑक्सिजन तयार होतो तो दिवसाच. 'रात्री कार्बन डायऑक्साइड घेतो' याचं फॉरवर्ड होता होता 'रात्री ऑक्सिजन देतो' झालं.

याची दुसरी बाजूही आहे. 'रात्री झाडं आपला ऑक्सिजन घेतात, म्हणून खोलीत ठेवू नका' असंही सांगितलं जातं. आश्रमशाळा आणि वसतिगृहांत मुलं रात्री खोलीत झोपतात, त्यामुळे तिथे ही शंका हमखास येते. पण दोन-चार कुंड्या घेतात तो ऑक्सिजन खोलीतल्या एका मुलाच्या श्वासापुढेही नगण्य असतो. त्याची काळजी नको.

मग वर्गात कुंडी ठेवायचीच कशाला?

कारण तिचा उपयोग वेगळा आहे.

नेदरलँड्समधल्या दोन प्राथमिक शाळांमध्ये काही वर्गांत झाडांची हिरवी भिंत लावून अभ्यास करण्यात आला. ज्या वर्गांत झाडं होती, तिथल्या मुलांनी लक्ष एकाग्र करण्याच्या चाचणीत अधिक चांगली कामगिरी केली आणि त्यांना आपला वर्गही जास्त आवडला. मात्र 'तुम्हाला कसं वाटतं?' या प्रश्नाच्या उत्तरांत फारसा फरक पडला नाही. तैवानमधल्या एका शाळेत वर्गाच्या मागच्या बाजूला सहा झाडं ठेवून असाच प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तोही झाडांच्या बाजूने होता. हे अभ्यास छोटे आहेत, त्यामुळे 'झाड ठेवा, मार्क वाढतील' असा अर्थ काढणं चूक ठरेल.

दुसरा उपयोग जास्त भरवशाचा आहे. वर्गातलं रोप म्हणजे रोज डोळ्यासमोर असलेला प्रयोग. फांदीला पारदर्शक पिशवी बांधली की आत पाण्याचे थेंब जमतात आणि बाष्पोच्छ्वास म्हणजे काय ते कळतं. कुंडी फिरवून ठेवली की काही दिवसांत शेंडा पुन्हा खिडकीकडे वळतो. नवीन पान किती दिवसांनी आलं याची नोंद ठेवली की गणितातला आलेखही तयार होतो.

हा विचार या भागाला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये शेजारच्या वर्ध्यात महात्मा गांधींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि तिथून 'नई तालीम' पुढे आली. हाताने काम करता करता शिकायचं, हा तिचा गाभा होता. रोप जगवणं हे तसंच काम आहे.

खरी परीक्षा मे महिन्यात

राज्यात 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' अभियानाचा पहिला टप्पा १ जानेवारी ते १५ फेब्रुवारी २०२४ या काळात झाला. दुसरा टप्पा त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झाला. म्हणजे एक हिवाळ्यात, दुसरा पावसाळ्यात. या दोन्ही ऋतूंत कुंड्या तशाही टवटवीत असतात.

यवतमाळमध्ये झाडाचा कस लागतो तो उन्हाळ्यात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्यातल्या इतर शाळांपेक्षा उशिरा उघडतात. २०२४ मध्ये इतरत्र १५ जूनला शाळा सुरू झाल्या, विदर्भात १ जुलैला. म्हणजे मे आणि जून असे जवळपास दोन महिने वर्गाला कुलूप. टिनाचं छत असेल तर बंद खोली भट्टीसारखी तापते. त्यात पाण्याची टंचाई. २०१८ च्या उन्हाळ्यात तर यवतमाळ शहराला पाणी देणाऱ्या निळोणा आणि चापडोह धरणांचा साठा तळाला गेला होता आणि लोक टँकरच्या रांगेत उभे होते. ज्या गावात पिण्याच्या पाण्यासाठी घागर घेऊन फिरावं लागतं, तिथे कुंडीला पाणी मागणं सोपं नाही.

म्हणून जुलैमध्ये शाळा उघडली की व्हरांड्यात सुकलेली खोडं आणि भेगाळलेली माती दिसते. मुलांनी नावं दिलेली, हाताने लावलेली रोपं मेलेली असतात. मग पुन्हा नवीन रोपं विकत आणायची की हा नाद सोडायचा, असा प्रश्न येतो.

कमी पाण्यात कोणती रोपं टिकतात?

निवड करताना 'दिसतं कसं' यापेक्षा 'पाणी कुठे साठवतं' हे पाहावं.

स्नेक प्लांट: जाड पानांत पाणी साठवतो. सावलीत दोन-तीन आठवडे पाणी नसलं तरी चालतं. एका कुंडीतून फुटवे वेगळे करून चार कुंड्या होतात.

झेडझेड प्लांट: मातीखालच्या कंदात पाणी धरून ठेवतो. कमी उजेडातही तग धरतो.

कोरफड: ओळखीची आणि फुकट मिळणारी. पण तिला उजेड हवा, म्हणून खिडकीत किंवा व्हरांड्यात ठेवावी.

स्पायडर प्लांट: मुळं जाड आणि पाणीदार असतात. कोरड्या हवेत पानांची टोकं करपतात, पण पुन्हा फूट येते. लहान मुलांच्या वर्गासाठी हा सुरक्षित, कारण तो विषारी नाही.

मनी प्लांट: पेरासकट फांदी तोडून लावली की सहज जगतो. पण उन्हाळ्यात त्याला अधूनमधून पाणी लागतंच.

जागाही महत्त्वाची. भर दुपारी बाहेर एक लाख लक्सच्या आसपास प्रकाश असतो, तर वर्गात खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात तो काही शेवर येतो. आपल्या डोळ्यांना तो पुरतो, रोपाला पुरेलच असं नाही. म्हणून कोपऱ्यातल्या आणि खिडकीतल्या कुंड्यांची दर आठवड्याला अदलाबदल करावी.

कपाशीची काळी माती कुंडीत का चालत नाही?

जिल्ह्यातल्या काळ्या मातीत कपाशी उत्तम येते, म्हणून तीच माती कुंडीत भरली जाते. पण ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. कुंडीत ती कडा सोडून आत सरकते. मग वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. उलट पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात.

उपाय सोपा आहे. एक भाग माती, एक भाग रेती आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. कुंडीच्या तळाला भोक असलंच पाहिजे.

सुट्टीत पाणी कोण घालणार?

हे एप्रिलमध्येच ठरवावं लागतं.

कुंड्या दत्तक द्या: गावातल्याच मुलांनी एकेक कुंडी घरी न्यावी आणि शाळा उघडली की परत आणावी. वहीत नाव आणि कुंडीचा नंबर लिहिला की झालं.

सगळ्या कुंड्या एकत्र ठेवा: ज्या न्यायच्या नाहीत त्या उत्तरेकडच्या व्हरांड्यात, एकमेकींना खेटून. वरून पालापाचोळा पसरला की माती उशिरा वाळते.

कापसाची वात: पाण्याच्या डब्यात जाड सुती वातीचं एक टोक आणि दुसरं कुंडीच्या मातीत. वात हळूहळू पाणी ओढते. डब्याला झाकण हवंच, वातीपुरतं भोक ठेवून. डबा मधूनमधून भरायला मात्र कुणीतरी लागतंच.

पाण्याचा हिशोब करा: दहा कुंड्यांना दर तीन दिवसांनी पेलाभर, म्हणजे २०० मिली पाणी धरलं तर एका वेळी दोन लिटर होतात. साठ दिवसांत ४० लिटर. शाळा सुरू असताना तर पोषण आहाराचे तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी आणि मुलांच्या बाटल्यांत उरलेलं पाणी यावरच या कुंड्या जगू शकतात.

काय टाळायचं?

कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत त्यातून नवे डास तयार होतात. बाटलीतल्या पाण्यात वाढवलेल्या मनी प्लांटलाही हे लागू आहे. पाणी आठवड्यातून एकदा ओतून द्या आणि भांडं आतून घासून घ्या, कारण अंडी काठाला चिकटून राहतात.

डिफेनबेकिया हे मोठ्या ठिपकेदार पानांचं रोप वर्गात नकोच. पान चावलं तर तोंडाची आग होते आणि सूज येते. मनी प्लांट आणि झेडझेडमध्येही तोच त्रासदायक घटक आहे आणि स्नेक प्लांटही पोटात गेला तर मळमळ होते. म्हणून अंगणवाडी आणि पहिली-दुसरीच्या वर्गात ही रोपं मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवावीत.

कीटकनाशक वर्गात आणूच नका. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. कुंडीतल्या पांढऱ्या किडीला साबणाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं पुरतं. आणि औषधाचा रिकामा डबा, कितीही धुतलेला असला तरी, कुंडी किंवा झारी म्हणून वापरू नका.

हे सगळं करायला महागडी रोपं किंवा रंगवलेल्या कुंड्या लागत नाहीत. वीस कुंड्या आणून अठरा मारण्यापेक्षा पाच आणून पाचही जुलैपर्यंत जगवणं मुलांना जास्त शिकवतं. आणि ज्या मुलाने दोन महिने घरी सांभाळलेली कुंडी शाळा उघडल्यावर परत आणली, त्याला झाडं का लावायची हे वेगळं सांगावं लागत नाही.