जुनी कार विकताय? आधी चेसिस नंबर वाचा

नागपुरात जुन्या कारचा सौदा बहुधा ओळखीत होतो. गॅरेजवाला मध्ये असतो, चहा होतो, बयाना घेतला जातो आणि फॉर्मवर सह्या करून आमचे व्यापारी बांधव किल्ली देऊन मोकळे होतात. अडचण पुढे येते. चेसिस नंबर ताडून पाहिलेला नसतो आणि आर.सी.वरचे नाव बदललेले नसते.

एमएच ३१, ४० किंवा ४९ ही झाली प्लेटची ओळख. प्लेट बदलता येते. चेसिस नंबर मात्र कारखान्यातच पत्र्यावर कोरलेला असतो. बहुतेक गाड्यांत तो बॉनेटखाली इंजिनामागच्या पत्र्यावर किंवा सीटजवळ सापडतो. आजच्या गाड्यांत तो १७ अक्षर-अंकांचा असतो. पहिली तीन अक्षरे कंपनी सांगतात: 'एमए३' म्हणजे मारुती सुझुकी, 'एमएटी' टाटा, 'एमएएल' ह्युंदाई. मधली अक्षरे मॉडेलची माहिती देतात आणि शेवटी त्या गाडीचा अनुक्रमांक येतो.

या १७ मध्ये इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच वापरली जात नाहीत, कारण ती एक आणि शून्य या अंकांसारखी दिसतात. म्हणून आर.सी.वर शून्याऐवजी 'ओ' छापला असेल तर ती लिहिणाऱ्याची चूक समजावी आणि गाडी विकण्यापूर्वी आरटीओतून दुरुस्त करून घ्यावी. आर.सी., विमा आणि पत्रा या तिन्ही ठिकाणी नंबर एकच हवा. डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या कारागीर बांधवांनीही त्या जागी ग्राइंडर फिरवू नये. नंबर खोडलेली गाडी चोरीची समजली जाते आणि पोलीस आधी तुमच्याच दारी येतात.

आता नावाचे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत फॉर्म २९ ने आरटीओला कळवायचे असते. घेणाऱ्याला फॉर्म ३० साठी ३० दिवस मिळतात. बँकेचा बोजा असेल तर तो फॉर्म ३५ ने आधी उतरवावा.

हे न केल्यास काय होते? एका मालकाने २००७ साली कार विकली, पुढे ती आणखी काही हातांत गेली आणि २००९ साली अपघात झाला. आर.सी.वर नाव पहिल्याचेच होते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावरच टाकली. गाडी हातून जाऊन दहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता!

माल विकताना त्याचा दोष लपवू नये आणि व्यवहार लिहून ठेवावा, ही शिकवण आपल्याला दीनने दिलीच आहे. म्हणून आम्ही एवढेच सांगू: चेसिस नंबर, तारीख आणि वेळ घातलेली डिलिव्हरी पावती दोघांच्या सहीने करा, फॉर्म २९ ची पोच जपून ठेवा आणि मगच किल्ली द्या.