पहिलीचे वर्ष घरातच गेले

सांगली जिल्ह्यातील बाजारपेठेच्या एका गावात किराणा-भुसाराचे एक जुने दुकान आहे. २०२१च्या एप्रिल महिन्यात राज्यातील किराणा दुकानांना सकाळी ७ ते ११ एवढीच मुभा राहिली, तेव्हा हे दुकान अकराच्या ठोक्याला बंद होऊ लागले. तीन पिढ्यांच्या व्यवहारात दुकानाचा मालक भर दुपारी घरी बसल्याचे कोणाला आठवत नव्हते. घरात सात वर्षांचा होत आलेला नातू होता. महिन्याच्या आरंभीच पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना परीक्षेविना वर्गोन्नती देण्याचा शासकीय निर्णय जाहीर झाला होता, त्यामुळे तो आपोआप दुसरीत गेला. पहिलीच्या वर्गात तो एक दिवसही बसलेला नव्हता.

ज्या मुलांचे नाव जून २०२० मध्ये पहिलीत घातले गेले, त्यांची सर्वांची कथा थोड्याफार फरकाने हीच आहे. त्यापूर्वीच्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही घोषणा घराघरांत पोहोचली. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली आणि ती चांगलीच होती, हे आवर्जून नमूद केले पाहिजे. केंद्र सरकारच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांनी पहिली ते आठवीसाठी दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांच्या दोनच तासिका सुचविल्या होत्या. म्हणजे उरलेला सारा दिवस घराच्याच स्वाधीन होता. पण तो कसा घालवावा, याची सूचना घराला कोण देणार?

या घरात चालू स्थितीतला स्मार्टफोन एकच होता आणि तो दुकानाचा होता. गिऱ्हाइकांच्या याद्या त्यावर व्हॉट्सॲपने येत. शाळेचा ऑनलाइन वर्ग सकाळी दहाला भरे, आणि दुकानाच्या चार तासांतील सर्वांत गर्दीची वेळही तीच. वर्ग बुडाला तर मुलाचे नुकसान, यादी बुडाली तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात. पहिले काही महिने वर्गच बुडत राहिला. पुढे सूनबाईंसाठी हप्त्याने दुसरा फोन घेण्यात आला. त्यानंतर वर्ग लावणे, स्वाध्यायाची छायाचित्रे काढून पाठविणे, बाईंचे ध्वनिसंदेश मुलाला ऐकविणे हे सारे तिच्या कामांत वाढले. स्वयंपाक, धुणे आणि सासऱ्यांची औषधे होतीच. त्या काळात पुष्कळ घरांतील गृहिणींनी शिक्षिकेचे काम बिनपगारी केले आणि त्याची नोंद कोणत्याही वहीत झाली नाही.

गणिताच्या बाबतीत मात्र हे घर भाग्यवान ठरले. दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून जुना दांडीचा तराजू माळ्यावर पडून होता. आजोबांनी तो उतरविला आणि ५०, १००, २०० व ५०० ग्रॅमची वजने पुसून नातवापुढे मांडली. तांदूळ पाऊण किलो तोलायचा तर कोणती वजने टाकावीत? पाचशे, दोनशे आणि पन्नास. हे उत्तर मुलाने स्वतः चाचपडत शोधले. एकदा हाताने तोलल्यावर साडेसातशेचा अर्थ त्याला पुन्हा सांगावा लागला नाही. आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी तोंडपाठ. ते म्हणत, ‘सवा, अडीच, पावणेचार, पाच,’ आणि नातू त्यांच्यामागून म्हणे. आज हे पाढे कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाहीत. पण सवा किलोच्या चार पुड्या पाच किलोच्या होतात, हे ज्याने हातांनी बांधून पाहिले त्याला अपूर्णांकाची भीती सहसा वाटत नाही.

अडचण आली ती संख्यांच्या नावांत. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी येतात आणि वीस मागून, त्यामुळे मूल ऐकून लिहिताना ५२ लिहून बसते. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात २०१९ साली ‘वीस पाच’ असे वाचन आले तेव्हा राज्यभर थट्टा झाली होती. आजोबाही त्या थट्टेत सामील होते. नातवाने तिसऱ्यांदा ५२ लिहिले, त्या दिवशी त्यांनी निमूटपणे पुस्तक जवळ ओढले आणि म्हणाले, ‘बाळ, आधी वीस पाच म्हण, मग पंचवीस म्हण.’ चूक चार दिवसांत सुटली. बोलीतले शब्द मोडू नयेत, हे म्हणणे योग्यच आहे. पण मुलाच्या अडखळण्याला कारण असते, हेही तितकेच खरे.

व्यापारी घरात हिशेब हवेतच असतो. अक्षरांचे तसे नसते, आणि नेमक्या याच ठिकाणी अनेक घरे फसली.

दिवाळीपूर्वीची गोष्ट. आजी शेजारणीला कौतुकाने सांगत होत्या, ‘आमचा बाळ पाठ घडाघडा वाचतो.’ तो वाचतही होता. पुस्तक हातात, बोट ओळीवर, आवाज स्पष्ट. सूनबाईंना का कोण जाणे शंका आली. त्यांनी तिसऱ्या ओळीतील मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारले, ‘हे काय आहे?’ मुलगा क्षणभर थांबला आणि मग पाठाच्या पहिल्या शब्दापासून भरभर म्हणत तिसऱ्या ओळीपर्यंत आला. सगळा पाठ त्याने बाईंच्या ध्वनिसंदेशावरून कानाने पाठ केला होता. ‘आई, हा वाचत नाही, म्हणतो आहे,’ सून म्हणाली. आजींचा चेहरा उतरला.

आपल्या घरांतील मुलांचे पाठांतर पाठशाळेमुळे लहानपणापासून पक्के असते. सूत्रे, स्तोत्रे कानाने ऐकून म्हणण्याची सवय चार वर्षांच्या मुलालाही असते. ही संपत्तीच आहे, परंतु त्या दोन वर्षांत तिनेच मोठ्यांची फसगत केली. ज्या मुलाचे पाठांतर कच्चे, ते अडखळत असे आणि त्याचे न वाचणे लवकर उघडे पडे. ज्याचे पाठांतर पक्के, त्याचे झाकून राहिले. वडिलांचे म्हणणे असे की, हिशेब येतो ना, मग शाळा उघडली की बाकीचे येईल. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही जुनी थकबाकी नव्या वर्षाच्या खात्यावर ओढण्याचीच रीत झाली. पान नवे दिसते, देणे तेवढेच राहते.

सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपणाऱ्या या घराला संध्याकाळचे दोन तास मोकळे मिळत. तो वेळ आजींनी मागून घेतला. त्यांचे स्वतःचे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यांनी पाठ्यपुस्तक बाजूला ठेवले आणि स्वयंपाकघरातील डब्यांवर चिठ्ठ्या चिकटविल्या: मीठ, गूळ, हळद, डाळ. दर दोन दिवसांनी त्या चिठ्ठ्यांची जागा गुपचूप बदलायच्या आणि चुकीचा डबा नातवाने ओळखायचा. हळदीच्या डब्यावर गूळ दिसला की मुलगा ओरडे. डब्यात काय आहे हे त्याला ठाऊक असले तरी चिठ्ठीवर काय लिहिले आहे, हे वाचल्याखेरीज सांगता येत नसे. पाठांतराला तेथे वाव नव्हता.

पुढची पायरी यादीची. घरात लागणारे सामान रात्री नातवाने लिहायचे आणि सकाळी आजोबांनी लिहिले असेल तेवढेच दुकानातून पाठवायचे, असा करार झाला. एके दिवशी ‘पोहे’ ऐवजी ‘पहे’ लिहिले गेले. आजोबांनी पोहे पाठविले नाहीत. घरातल्या सर्वांनी त्या सकाळी उपमा खाल्ला आणि मुलाने तो रडत खाल्ला. आजोबा जरा कठोर वागले, असे सूनबाईंना वाटले आणि त्यांनी तसे बोलूनही दाखविले. ते सर्वस्वी चुकीचे नव्हते. सात वर्षांच्या मुलाची भूक हे शिकविण्याचे साधन नव्हे. दुसऱ्या दिवसापासून यादी आईने एकदा पाहायची, असे ठरले. ‘ओ’ची मात्रा मात्र त्यानंतर हुकली नाही.

पहिली ते चौथीचे वर्ग राज्यात १ डिसेंबर २०२१ पासून उघडण्याचा निर्णय झाला. काही शहरांत ते आणखी उशिरा उघडले आणि जानेवारीत ओमायक्रॉनच्या लाटेने पुन्हा थोडे दिवस बंद झाले. हा मुलगा वर्गात गेला तेव्हा फळ्यावरचे वाचू शकत होता, मात्र चाळीस मिनिटे बाकावर बसणे त्याला जमत नव्हते. तीस मुलांत आपली पाळी येईपर्यंत थांबायचे असते, हे घरात शिकायला मिळालेच नव्हते. ते शाळेनेच शिकविले आणि त्याला उन्हाळ्यापर्यंतचा काळ लागला.

सर्वांच्या घरी अशी आजी नव्हती. २०२२च्या ‘असर’ या ग्रामीण सर्वेक्षणात देशातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०.५ टक्के आढळली. २०१८ मध्ये हे प्रमाण २७.३ टक्के होते. वजाबाकी येणाऱ्यांचे प्रमाण २८.२ वरून २५.९ वर आले, म्हणजे घसरण वाचनाइतकी मोठी नव्हती. ही तिसरीतली मुले म्हणजे ज्यांचे पहिलीचे वर्ष घरात गेले, तीच.

ती मुले त्यानंतर पाचवीत पोहोचली, आणि मधल्या काळात राज्यात पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा परत आली आहे. अनुत्तीर्ण झाल्यास पुनर्परीक्षा, तीतही न जमल्यास तोच वर्ग. झाकून राहिलेले आता तेथे उघडे पडते. या वयाचे मूल घरात असल्यास त्याला त्याचे पाठ्यपुस्तक वाचायला सांगण्यात अर्थ नाही. ते त्याने दहादा ऐकलेले असते. दुकानात आलेले एखादे परिपत्रक, औषधाच्या खोक्यावरील मजकूर किंवा वर्तमानपत्रातील मधलाच एखादा परिच्छेद समोर ठेवावा आणि वाचून झाल्यावर त्यात काय सांगितले आहे, एवढे विचारावे. अडखळले तर रागावू नये. सांगलीच्या त्या घरातील डब्यांवरच्या चिठ्ठ्या अद्याप निघालेल्या नाहीत. धाकटी नात आता बालवाडीत जाते.